गोव्यातल्या जुन्या गाडीचा पोचा: घडी सोडवण्यापासून आतल्या मेणापर्यंत

पोचा पडलेल्या मडगार्डाकडे पाहिलं की ताटाएवढा पत्रा वाया गेला असं वाटतं. प्रत्यक्षात त्यातला बराचसा पत्रा शाबूत असतो. धक्क्यासरशी तो आत गेलेला असतो आणि संधी मिळाली तर परत बाहेर यायला तयार असतो. त्याला अडवून धरते ती पोच्याच्या कडेला उठलेली घडी. ती घडी सोडवली की उरलेला भाग आपसूक, कधी कधी ‘टक्क’ असा आवाज करत, जागेवर येतो. गॅरेजमध्ये सर्रास दिसणारी पद्धत याच्या नेमकी उलट असते: आत हात घालायचा आणि पोच्याच्या मधोमध जोरात हाणायचं. घडी तशीच राहते, मधला चांगला पत्रा ताणला जातो, आणि मग ते झाकायला अर्धा डबा पुट्टी लागते.

पुढचं सगळं जुन्या, मऊ पोलादी पत्र्याबद्दल आहे. डुक्कर फियाट, पद्मिनी, अँबॅसडर, विलीज जीप, लँब्रेटा, चेतक या पिढीचा पत्रा साधारण २० गेजच्या आसपासचा, म्हणजे सुमारे ०.९ मिमी. तो हातोड्याचं ऐकतो. आजच्या गाड्यांचा पत्रा त्याहून पातळ आणि कडक असतो, त्याला हे उपाय तसेच्या तसे चालत नाहीत. जुन्या लँड रोव्हरची बॉडी ॲल्युमिनियमची असते, तिला तर हात लावण्याआधी वेगळं शिकावं लागतं.

मूळ पत्रा वाचवण्याला कायद्याचीही एक बाजू आहे. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातली अट. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, पण आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवण्याची मुभा आहे. गोवा-दमण-दीवच्या काळातला ‘जीडी’ने सुरू होणारा क्रमांक ज्यांनी जपलाय, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

कधी सुरू करायचं

दिवाळी झाली की. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत उघडा केलेला पत्रा संध्याकाळपर्यंत तांबूस होतो. नोव्हेंबर ते शिगम्यापर्यंतचे महिने या कामाचे. एप्रिल-मेमध्येही दमटपणा बराच असतो, वर घामाचे थेंब पत्र्यावर पडतात ते वेगळंच.

आधी पाहणं, मग हात लावणं

गाडी गोड्या पाण्याने नीट धुवा. किनाऱ्याजवळच्या गाडीवर मिठाचा थर असतो, डिचोली-सांगेच्या खाणपट्ट्यातल्या गाडीवर तांबडी धूळ. ती तशीच घासली तर मीठ पत्र्यात मुरतं आणि पुढे रंगाखाली फोड येतात.

पोच्यावर बाजूने उजेड पाडा. बल्कांवाच्या (ओसरीच्या) खांबाला एक लांब ट्यूबलाइट आडवी बांधली तरी पुरे. रंगात तिचं प्रतिबिंब जिथे वाकतं, तिथून पोचा सुरू होतो, आणि तो डोळ्यांना वाटला होता त्याहून दीडपट मोठा निघतो. मग हातात पातळ सुती मोजा घाला किंवा तळव्याखाली फडकं धरा आणि पूर्ण तळवा लांबवर फिरवा: चांगल्या भागातून पोच्यात, तिथून पलीकडच्या चांगल्या भागात. नुसत्या बोटांच्या टोकांना खाचखळगे कळतात, पण आकार कळत नाही. खोलगट भागाभोवती खडूने वर्तुळ काढा, उंचवट्यांवर रेघा मारा.

आता धक्क्याचा क्रम लावा. जिथे ठोकर बसली तो खड्डा सगळ्यात आधी झाला, पत्रा कडेकडेने दुमडत गेला, आणि सगळ्यात बाहेरची घडी शेवटी तयार झाली. काढताना क्रम उलटा: शेवटची घडी आधी, पहिला खड्डा शेवटी. एवढ्या एका गोष्टीसाठी अर्धा तास नुसतं बघत बसलात तरी चालेल, पुढचे चार तास वाचतात.

एक चुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून सरकवा. जिथे तो धरत नाही तिथे जुनी पुट्टी आहे. तीस-चाळीस वर्षं रस्त्यावर असलेल्या गाडीत ती निघणारच. पुट्टीवरून हातोडा मारण्यात अर्थ नाही, ती पूर्ण खरवडून काढावी लागते. सांध्यांवर मात्र थांबा. जुन्या गाड्यांत कारखान्यातच पत्र्याचे जोड शिशाच्या मिश्रधातूने भरलेले असू शकतात. खरवडल्यावर मऊ, करडं, चकाकणारं काही दिसलं तर त्यावर ग्राइंडर चालवू नका. शिशाची धूळ श्वासातून गेली की शरीरात साठते. जुन्या रंगातही शिसं असू शकतं, म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. ओला करून घासा, नाकावर एन-९५ मास्क ठेवा, आणि मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नका.

मोकळं करणं

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. दाराचं काम असेल तर पॅड, हँडल, बीडिंग आणि काच काढा. प्रत्येक गोष्ट काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. पत्र्याच्या आतल्या बाजूला आवाज दाबण्यासाठी डांबरी थर असतो, तो काढल्याशिवाय डॉली (आतून धरायची छोटी ऐरण) पत्र्याला टेकत नाही. हीट गनने कोमट करून पटाशीने खरवडला की सुटतो. राहिलेला चिकटपणा टर्पेंटाइनने पुसा आणि पुढे आगीचं काम असेल तर तो भाग पूर्ण वाळू द्या. पेट्रोलची टाकी जवळ असेल तर काढून लांब, उघड्यावर ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण तिच्यात वाफ भरलेली असते.

मडगार्ड बोल्टवर असेल तरी ते लगेच खोलून काढू नका. गाडीवर असताना शेजारचे पत्रे त्याला मूळ आकारात धरून ठेवतात. मोठा पोचा गाडीवरच बाहेर आणा, बारीक काम टेबलावर करा.

हत्यारं

थोडी पुरतात. एक चपट्या गोल तोंडाचा बॉडी हातोडा, एक टोकदार पिक हातोडा, लाकडी मोगरी, जाड कापडाची वाळूची पिशवी, वाकड्या दातांची बॉडी कानस आणि दोन-तीन डॉल्या. डॉली म्हणजे मुठीत मावणारी गुळगुळीत ऐरण, वजन साधारण एक-दीड किलो. ठोकायच्या भागाचा मूळ बाक जेवढा, तेवढ्याच किंवा किंचित जास्त बाकाची डॉली घ्या. सपाट डॉली गोल मडगार्डाखाली धरली तर तिच्या कडा पत्र्यात रुततात. आणि हातोड्याचं तोंड तपासा: त्यावर एक चरा असेल तर प्रत्येक ठोक्याबरोबर तो पत्र्यावर छापला जाईल. बारीक एमरी पेपरने तोंड आरशासारखं करून घ्या. खिळे ठोकायचा हातोडा या कामाला वापरायचाच नाही.

शिकायचं असेल तर भंगारातली चेतकची डिक्की आणा. पत्रा जाड, दोन्ही बाजूंनी हात पोचतो, बिघडली तरी कोणाचा जीव जात नाही.

घडी सोडवणं

पहिला प्रयत्न हातोड्याविना. आतून तळव्याने किंवा वाळूच्या पिशवीवरून दाब द्या आणि दाब कायम ठेवून बाहेरच्या घडीवर मोगरीने हलके ठोके मारत जा. दाबामुळे पत्रा बाहेर यायला बघत असतो आणि ठोक्यांनी घडीतला ताण सुटत जातो. उथळ, मोठा पोचा कित्येकदा एवढ्यावरच निघतो. एकदम आला नाही म्हणून जोर वाढवायचा नाही. घडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुन्हा एकदा जायचं.

तेवढ्याने भागलं नाही तर डॉली. हिच्यासोबत हातोडा वापरायच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांतला फरक हेच या कामाचं मर्म.

पहिली, डॉलीबाहेर मारणं. डॉली आतून खोलगट भागाखाली घट्ट दाबून धरायची आणि हातोडा तिच्या शेजारच्या उंचवट्यावर मारायचा. ठोक्याने उंचवटा खाली जातो, आणि डॉली उसळून खोलगट भाग वर ढकलते. पत्रा हलतो, ताणला जात नाही. आवाज बसका येतो. आकार परत आणण्याचं बहुतेक काम याच पद्धतीने करायचं.

दुसरी, डॉलीवर मारणं. हातोडा आणि डॉली समोरासमोर, मधे पत्रा चिमटला जातो. आवाज खणखणीत, घंटेसारखा. याने बारीक सुरकुती सपाट होते, पण प्रत्येक ठोक्याबरोबर पत्रा थोडा पातळ होतो आणि पसरतो. म्हणून हे शेवटी, कमी आणि हलकं. नवशिक्याचा हात आपोआप डॉलीवरच जातो, कारण तो खणखणीत आवाज काम होत असल्यासारखा वाटतो. कान बसका आवाज शोधायला शिकवा.

ठोका मनगटातून द्या, खांद्यातून नको. हातोडा स्वतःच्या वजनाने पडून उसळला पाहिजे. ठोके जवळ जवळ, एका रांगेत. ठोकलेला पत्रा कडक होत जातो, त्यामुळे एकाच जागी परत परत मारलं तर तो पुढे ऐकेनासा होतो.

पोच्यातून बॉडीची उठावाची रेघ जात असेल तर आधी ती रेघ उभी करा. पद्मिनीच्या दारावरची रेघ चुकली तर बाकी सगळं काम नीट असूनही दहा पावलांवरून डोळ्यात खुपते. बोथट पटाशी किंवा बॉडीचा चमचा आतून रेघेत धरून हळूहळू वर आणा आणि दुसऱ्या, शाबूत दारावरून पुठ्ठ्याचा फर्मा कापून ताडून पाहा. डावं-उजवं उलटं असतं, फर्मा पालथा करून लावायचा. दोन्ही बाजू ठोकलेल्या असतील तर त्याच मॉडेलची चांगली गाडी शोधावी लागते. नुव्याच्या अश्वेक व्हिंटेज वर्ल्डसारख्या ठिकाणी जुन्या गाड्यांचे बाक आणि फटी निवांत निरखता येतात.

कानस लावून वाचणं

आकार आला असं वाटलं की बॉडी कानस तिरपी धरून, लांब, हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा. उंच जागा चकाकतात, खोल जागी जुना रंग किंवा काळपटपणा राहतो. खोल जागा आतून पिक हातोड्याने हळूच उचला, उंच जागा डॉलीबाहेर मारून बसवा, पुन्हा कानस. इथे कानस पाहण्यासाठी आहे, पत्रा खाण्यासाठी नाही. ०.९ मिमीमधून घासून घासून ०.५ मिमी उरलं तर अंगठ्याने दाबला तरी पत्रा आत जाईल. ग्राइंडरने उंचवटे उडवणारे डेंटर मी टाळतो, ते कितीही स्वस्तात करून देत असले तरी.

ताणलेला पत्रा आटवणं

दाबलं की आत, सोडलं की ‘डबक’ करून बाहेर, असं होत असेल तर तिथला पत्रा ताणलाय. मूळ जागेपेक्षा त्याचं क्षेत्रफळ वाढलंय, तो कुठेतरी फुगणारच. त्यावर कितीही ठोका, आणखी वाढेल. बॉनेटच्या सपाट मध्यावर हे फार होतं, कारण तिथे पत्र्याला बाक कमी आणि त्यामुळे आधार कमी.

उपाय उष्णतेचा. गॅस वेल्डिंगचं सगळ्यात छोटं नोझल लावा आणि फुगवट्याच्या सर्वांत उंच बिंदूवर रुपयाच्या नाण्याएवढा, त्याहून मोठा नाही, ठिपका मंद लाल होईपर्यंत तापवा. गरम पत्रा पसरू पाहतो, भोवतीचा गार पत्रा त्याला जागा देत नाही, म्हणून तो जाड होत वर उठतो. ज्योत लगेच बाजूला करून आतून डॉली हलकी टेकवा, मोगरीने ठिपक्याभोवती आणि मग वर तीन-चार हलके ठोके द्या, आणि ओल्या फडक्याने गार करा. गार होताना ठिपका आकसतो आणि भोवतीचा पत्रा आपल्याकडे ओढून घेतो. पूर्ण गार झाल्यावरच हात फिरवून पाहा. दोन-तीन ठिपक्यांत फरक पडला नाही तर थांबा. ताण दुसरीकडे आहे किंवा एखादी घडी सुटायची राहिली आहे. जास्त आटवलेला पत्रा पुन्हा ताणायला लागतो, आणि हे खेळणं संपत नाही.

ज्योत ज्यांना भिववते त्यांच्यासाठी ग्राइंडरवर लावायची गुळगुळीत स्टेनलेस स्टीलची तबकडी मिळते. ती फक्त उंच जागांवर घासते, घर्षणाने त्या तापतात, लगेच ओलं फडकं फिरवायचं. सावकाश काम होतं, पण बॉनेटसाठी मला हेच सुरक्षित वाटतं. कोणत्याही प्रकारे तापवताना पत्र्याच्या मागे डांबर, रबर, गादी नसावी. शेजारी पाण्याची बादली आणि जमल्यास आग विझवायचं सिलिंडर असावं.

हात पोचत नाही तिथे

दुहेरी पत्र्याच्या जागी, दाराच्या कडेला किंवा खांबाजवळ आतून हात जात नाही. जुनी पद्धत म्हणजे ड्रिलने भोकं पाडून स्क्रू घालून ओढायचं. गोव्यात हे करू नका. ती भोकं पुट्टीने बुजवली जातात, पण मागून ओल येतच राहते. त्याऐवजी घडीच्या रेषेत वॉशर स्पॉट वेल्डरने चिकटवा, त्यात स्लाइड हॅमरचा (दांड्यावरचं वजन मागे सरकवून ओढायच्या हत्याराचा) आकडा अडकवा आणि आडव्या ताणाखाली ठेवूनच कडेचे उंचवटे मोगरीने बसवा. ओढ आणि ठोका दोन्ही एकदम. झाल्यावर वॉशर पिळले की निघतात, उरलेले ठिपके हलके घासा.

ठोकताना हातोडा आरपार गेला तर तो भाग आधीच गंजाने खाल्लेला होता. चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापा, तेवढ्याच जाडीचा तुकडा कडेला कड भिडवून बसवा, आणि लांब लांब छोटे टाके देत, प्रत्येक टाका गार होऊ देत जोडा. तुकडा वर चढवून वेल्डिंग केलं तर दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी बसतं.

पुट्टी

पुट्टी वाईट नाही, जाड पुट्टी वाईट. घासून झाल्यावर २ मिमीच्या आत राहिली पाहिजे. त्याहून जास्त लागत असेल तर हातोड्याकडे परत जा. पॉलिएस्टर पुट्टी ओल शोषते, म्हणून आपल्या हवेत मी आधी स्वच्छ पत्र्यावर इपॉक्सी प्राइमर, तो ८० नंबरच्या घासायच्या पेपरने खरवडून त्यावर पुट्टी, असा क्रम धरतो. शंभर ग्रॅम पुट्टीला साधारण दोन ग्रॅम हार्डनर. डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. उकाड्यात ती चार-पाच मिनिटांत घट्ट होते म्हणून लवकर वाळावी या आशेने हार्डनर वाढवू नका, आणि घाईत घोटून हवा भरू नका. पुढे बारीक भोकं पडतात.

ती कोरडीच घासा. पुट्टीवर पाणी मारून पेपर चालवण्याची सवय बऱ्याच गॅरेजांत आहे. त्याने धूळ उडत नाही हे खरं, पण ते पाणी पुट्टीत मुरतं आणि जुलैत फोड बनून वर येतं. लाकडी ठोकळ्यावर ८०, मग १२०, मग १८०, नेहमी तिरपे हात. बोटांनी पेपर धरला की बोटांच्या रुंदीचे खड्डे पडतात.

प्राइमर आणि रंग

गंज घालवायला फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावलं असेल तर ते धुऊन पूर्ण वाळवा. आम्लाचा अंश राहिला तर इपॉक्सी धरत नाही. उघड्या पत्र्याला उघडा हात लावू नका, घामातलं मीठ ठसा सोडतं. ज्या दिवशी पत्रा उघडा केला त्याच दिवशी इपॉक्सी प्राइमर. नुसत्या रेड ऑक्साइडवर भरवसा ठेवू नका. मग भरीव प्राइमर, त्यावर काळ्या रंगाचा विरळ फवारा, आणि ४०० नंबरने लांब ठोकळ्यावर घासणं: काळं जिथे राहील तिथे अजून खळगा आहे. शेवटचा टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) रंग मात्र पेंटरकडे द्या. त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतात आणि साध्या मास्कने ते अडत नाहीत.

आतली बाजू

बाहेरून चकाकणारं दार दोन पावसाळ्यांत खालून फुटतं ते इथे दुर्लक्ष झाल्यामुळे. तुम्ही आतला डांबरी थर काढलात, तापवून उरलेला रंग जाळलात, डॉलीने खरवडलात. तो पत्रा आता आतून उघडा आहे. तारेच्या ब्रशने साफ करून आतूनही इपॉक्सी प्राइमर मारा, ब्रश जात नाही तिथे लवचिक नळीच्या फवाऱ्याने.

काच आणि रबर बसवल्यावर, पॅड लावण्याआधी, खिडकीच्या फटीतून तांब्याभर पाणी ओता. ते सगळं दाराच्या तळच्या भोकांतून बाहेर आलं पाहिजे. अडलं तर तारेने भोकं मोकळी करा. बहुधा तांबड्या मातीची ढेकळं किंवा नव्या रंगाचा पापुद्रा निघतो. दोन दिवस उन्हात वाळवून मग पोकळीत मेणाचं द्रावण फवारा, तळच्या शिवणीतून ते झिरपताना दिसेपर्यंत. भोकांवर साठलेलं मेण काडीने काढून टाका. त्यावर प्लॅस्टिकचा पडदा, मग पॅड. दर मे महिन्याच्या अखेरीला पॅड काढून तळच्या शिवणीला मेणाचा एक हात पुन्हा द्या.